बाथ मध्ये ओला, वर करपलेला आणि बोलिन्हा पसरट का होतात?

प्रश्न थोडक्यात असा: गोव्याच्या पद्धतीचा ओल्या नारळाचा बाथ, म्हणजे रवा-नारळाचा केक, घरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) केला. वरून काळपट झाला, मध्ये गिच्च राहिला, तळाला तुपाचा थर सुटला आणि रवा दाताखाली कचकचतो. उरलेल्या नारळाच्या बोलिन्हा (रवा-नारळाची गोव्याची बिस्किटं) केल्या, त्या ट्रेभर पसरून एकमेकींना चिकटल्या. ओव्हन बिघडलाय का? आणि हे सगळं अंड्याशिवाय, ओव्हनशिवाय जमतं का?

ओव्हनवर संशय घ्यायच्या आधी आदल्या रात्री काय केलंत ते आठवा. माझा अंदाज, काहीच केलं नाही. नारळ वाटला, रवा-साखर-अंडी एकत्र फेटली आणि तासाभरात टिन आत ढकलला. करपलेला वरचा थर सोडला तर बाथाच्या बाकीच्या बहुतेक तक्रारी तिथेच ठरल्या. ओल्या नारळात जवळजवळ निम्मं पाणी असतं आणि साधारण एक तृतीयांश तेल. हे पाणी रव्याने आधी पिऊन घेतलं पाहिजे. ते पिण्याआधीच ओव्हनची धग लागली तर कडेचा रवा कोरडाच सेट होतो, मधलं पाणी मध्येच अडकतं आणि तेलाला धरून ठेवणारं कुणी नसल्यामुळे ते तळाला जाऊन बसतं. म्हणून जुन्या घरांमध्ये बाथाचं मिश्रण रात्रभर ठेवायची पद्धत आहे. वेळ नाही म्हणून लोक नेमकी तीच पायरी गाळतात.

आता नारळापासून सुरुवात करू, कारण निम्मं काम तिथेच आहे.

नारळ जून हवा. हलवला की पाणी खळखळलं पाहिजे, डोळे कोरडे हवेत, तिथे बुरशी किंवा ओल नको. फोडल्यावर आधी पाण्याचा वास घ्या आणि खोबऱ्याचा एक तुकडा चावून बघा. किंचितही खवट लागला तर तो नारळ बाजूला काढा. भाजल्यावर खवटपणा जात नाही, उलट वेलदोड्यावरही मात करतो. अगदी कोवळा, मलईसारखं खोबरं असलेला नारळ आमटीला चालेल, इथे नाही. खवताना करवंटीला लागलेला तपकिरी पापुद्रा विळीखाली येऊ देऊ नका. त्याने रंग मळकट होतो आणि मागे किंचित कडवटपणा राहतो. मध्यम नारळाचा दोन ते अडीच वाट्या चव (खवलेला नारळ) निघतो, पण नारळ लहान-मोठे असतात, म्हणून खाली मी सगळं वजनात देते आहे. स्वयंपाकघरात साधा वजनकाटा नसेल तर या एका पदार्थासाठी तरी आणा.

वाटणं ही तुमच्या तुपाच्या थरामागची दुसरी शक्यता. मिक्सर सलग दोन-तीन मिनिटं फिरवला की भांडं तापतं, नारळाचं तेल सुटतं आणि वाटणाला चकचकीत तवंग येतो. तो एकदा आला की परत आत जात नाही. पाट्यावर वाटताना हे होत नसे. मिक्सरमध्ये थांबून थांबून, पाच-पाच सेकंदांच्या झटक्यांनी वाटा, मध्ये चमच्याने वरचं खाली करा, पाणी घालायचंच असेल तर दोन-तीन चमचे. वाटण चिमटीत धरून चोळा: बारीक रव्याइतके कण हाताला लागले पाहिजेत. चटणीसारखं गुळगुळीत झालं तर बाथ दडस होतो. जाडसर राहिलं तर काप पडताना चुरा होतो. मग मूठ आवळून बघा. गोळा व्हायला हवा, पण बोटांच्या फटींतून दूध झरायला नको. झरलं तर फडक्यातून हलकं पिळा आणि ते दूध टाकू नका, सकाळी लागेल.

डेसिकेटेड कोकोनट चालेल का, हे पुढे विचारणारच म्हणून आधीच सांगते. चालतं, पण एकास एक नाही. त्यात पाणी जवळजवळ नसतं, जेमतेम तीन टक्के, आणि तेल साठ टक्क्यांच्या वर. 250 ग्रॅम ओल्या नारळाऐवजी 135 ग्रॅम डेसिकेटेड घ्या, 120 मिली कोमट दुधात अर्धा तास भिजवा आणि मग मिक्सरचे दोन-तीन झटके द्या. चव थोडी सपक होते. गोठवलेला खवलेला नारळ मिळत असेल तर तो कितीतरी बरा.

बाथाचं माझं माप, 8 इंची गोल टिनसाठी: वाटलेला नारळ 250 ग्रॅम, रवा 250 ग्रॅम (ना फार बारीक, ना लापशीसारखा जाड), साखर 250 ग्रॅम, पाणी 200 मिली, मीठ नसलेलं बटर 125 ग्रॅम, अंडी 4, बेकिंग पावडर 1 छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा, वेलदोडा किंवा जायफळ. एवढं मिश्रण टिनमध्ये साधारण चार सेंटिमीटर उंच भरतं. 6 इंची टिनमध्ये कोंबलंत तर मधला भाग शिजेपर्यंत कडा वाळून जातील.

रात्री रवा कोरडाच भाजा, मंद आचेवर, वास सुटेपर्यंत. रंग बदलू देऊ नका. तुपावर भाजायचा मोह आवरा. शिऱ्याला ते बरोबर आहे, पण इथे रव्याच्या कणावर तुपाचा लेप बसला की तो पाणी सावकाश पितो, आणि आपल्याला नेमकं उलट हवंय. साखर-पाणी उकळा, साखर विरघळली की पुरे, तार नको. त्यात नारळ घालून पाचेक मिनिटं मध्यम आचेवर शिजवा. यामुळे नारळाचा कच्चा वास जातो आणि मिश्रण रात्रभर आंबत नाही. गॅस बंद करून रवा मिसळा. हे मिश्रण सुरुवातीला सैल वाटेल; रवा वाढवू नका. निवलं की झाकून फ्रिजमध्ये ठेवा. पूर्वी ओट्यावरच ठेवत आणि अंडीही रात्रीच घालत. किनारपट्टीच्या दमट हवेत मी दोन्ही करत नाही. पोर्तुगीज काळापासून चालत आलं म्हणून कच्च्या अंड्याला रात्रभर बाहेर ठेवावं असं काही नाही.

सकाळी भांडं उघडाल तर मिश्रण घट्ट, चमचा उभा राहील असं झालेलं असेल. ते फ्रिजमधून काढून तास-दीड तास बाहेर राहू द्या. ही पायरी लहान वाटते, पण नारळाचं तेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं. फ्रिजमधलं गार मिश्रण फेटलेल्या बटरमध्ये पडलं की बटरही आखडतं, त्याच्या कण्या होतात, मिश्रण फुटल्यासारखं दिसतं आणि ओव्हनमध्ये त्या कण्या वितळून पुन्हा तळाशी तूप. हात लावून बघा: गार लागता कामा नये.

मऊ बटर फिकं होईपर्यंत फेटा, चार पिवळे बलक एकेक करून घाला, मग रव्याचं मिश्रण हाताने मोकळं करत मिसळा. बेकिंग पावडर, मीठ, वेलदोडा आता. बेकिंग पावडर रात्री घातली तर तिचा जोर सकाळपर्यंत बराचसा संपलेला असतो. पांढरं वेगळं फेसून शेवटी हलक्या हाताने, खालून वर असं मिसळायचं. मिश्रण फार घट्ट वाटलं तर रात्री पिळलेलं नारळाचं दूध चमच्या-चमच्याने. चमचा तिरपा केला की मिश्रण लगेच ओघळू नये, क्षणभर थांबून गोळ्याने पडावं. इथे थांबा.

टिनला तूप लावून तळाला बटर पेपर घाला. वर मैद्याच्या पातळ पट्ट्यांची जाळी करायची पारंपरिक रीत आहे. नाताळात करा, एरवी नाही केली तरी चवीचं काही अडत नाही.

आता तुमचा ओव्हन. 16–20 लिटरच्या ओटीजीत वरचा रॉड टिनच्या अगदी डोक्यावर येतो. दोन्ही रॉड पहिल्यापासून चालू ठेवले तर वर पापुद्रा करपतो आणि आत कच्चं राहतं, तुमचं हेच झालं. 170 अंशांवर पंधरा मिनिटं तापवून घ्या, टिन शक्य तितका खालच्या जाळीवर ठेवा, पहिली 35 मिनिटं फक्त खालचा रॉड आणि शेवटची 15–20 मिनिटं दोन्ही. वर रंग लवकर आला तर फॉइल नुसती पांघरा, घट्ट गुंडाळू नका. ओटीजीच्या बटणावर लिहिलेले अंश आणि आतलं खरं तापमान यांत वीसेक अंशांचा फरक सहज असतो, म्हणून आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घेऊन टाका. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर पंख्यामुळे वरचा भाग लवकर वाळतो. तिथे 160 वर भाजा आणि मायक्रोवेव्ह मोडचा विचारही करू नका.

झाला की नाही हे टूथपिकवरून ठरवणारे फसतात. नारळाचे ओलसर कण काडीला लागणारच. कडा टिनपासून सुटलेल्या दिसायला हव्यात, मधोमध बोटाने दाबलं तर खड्डा परत भरून यायला हवा. आणि मग तो लगेच सुरीने कापू नका. गरम बाथ कापला की चिकटच लागतो; कित्येक चांगले बाथ केवळ या घाईपायी ‘कच्चा राहिला’ म्हणून बदनाम होतात. टिनमध्येच पूर्ण निवू द्या. दुसऱ्या दिवशी तो अधिक चांगला लागतो, कारण कडेची कोरड आणि मधली ओल तोवर एकसारखी झालेली असते.

साखर कमी करू का, असंही लोक विचारतात. 200 ग्रॅमपर्यंत करा. त्याखाली गेलात तर गोडीपेक्षा जास्त काहीतरी जातं: साखर ओल धरून ठेवते, ती नसली की बाथ दुसऱ्याच दिवशी भुसभुशीत होतो.

बोलिन्हांचं गणित वेगळं आहे, आणि बाथाच्याच उरलेल्या मिश्रणात थोडा रवा ढकलून त्या करायच्या ही कल्पना सोडून द्या. बाथाला ओल हवी, बोलिन्हाला ती आधीच आटवलेली हवी. इथे साखरेचा एकतारी पाक लागतो: 250 ग्रॅम साखरेला 120 मिली पाणी, बोटात धरून एक तार आली की 250 ग्रॅम वाटलेला नारळ, पाच-सात मिनिटं परतायचं, मग 250 ग्रॅम कोरडा भाजलेला रवा आणि दोन मोठे चमचे तूप. मिश्रण कढईच्या कडा सोडायला लागलं की लगेच उतरवा. त्यापुढे गेलात तर तुम्ही नारळाच्या वड्या करताय. निवल्यावर झाकून रात्रभर फ्रिजमध्ये.

सकाळी तीन बलक आणि वेलदोडा घालून मळायचं. बलक म्हणजे फक्त पिवळं. पांढऱ्याने मिश्रण सैल होतं आणि बोलिन्हा फुगून मग बसते. मळून अर्धा तास ठेवा, लिंबाएवढे गोळे करा, तळहातावर जरा चपटे करून काट्याने आडव्या-उभ्या रेघा ओढा. काटा दर दोन-तीन गोळ्यांनंतर रव्यात बुडवला की चिकटत नाही. या रेघा निव्वळ शोभा नाहीत. त्यांच्या उंच कडा आधी लाल होतात आणि तोच खरपूस स्वाद बोलिन्हाला असतो.

आणि सगळा ट्रे एकदम लावू नका. आधी एकच बोलिन्हा भाजून बघा, 180 अंशांवर 20 ते 25 मिनिटं. पसरली तर पाक कच्चा राहिलाय किंवा अंडी मोठी होती: उरलेलं मिश्रण पुन्हा कढईत घालायचं नाही (आता त्यात अंडं आहे), दोन-तीन चमचे भाजलेला रवा मिसळून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. कडेने तडे गेले तर चमचाभर दूध. पसरण्याचं आणखी एक कारण म्हणजे पुरेसा न तापलेला ओव्हन: बाहेरचा थर धरण्याआधीच तूप वितळतं आणि गोळा बसतो. तळ सोनेरी झाला की बाहेर काढा. त्या वेळी मऊ असतात, ट्रेवरच दहा मिनिटांत कडक होतात.

अंड्याशिवायचं सांगते. बाथ जमतो. चार अंड्यांऐवजी पाऊण वाटी घट्ट, आंबट नसलेलं दही, पाव वाटी दूध आणि बेकिंग पावडरऐवजी अर्धा छोटा चमचा खायचा सोडा. सोडा दह्याशी गाठ पडताच काम सुरू करतो, तेव्हा मिसळल्यावर मिश्रण ताटकळत ठेवायचं नाही, ओव्हन आधीच तापलेला हवा. असा बाथ थोडा ठिसूळ होतो, कापायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबाच. त्याला अंड्याच्या बाथाची चव येईल असं म्हणणार नाही, पण स्वतःच्या जागी तो उत्तम पदार्थ आहे. सिंधुदुर्गातली तवसं (मोठी काकडी) आणि गूळ घालून केलेली तवसाळी किंवा धोंडस याच कुळातलं, आणि तिथे अंड्याचा प्रश्नच येत नाही. बोलिन्हा मात्र अंड्याशिवाय मला पटलेल्या नाहीत. बलकाऐवजी दोन चमचे दाट नारळाचं दूध घालून बिस्किटं होतात, खायला वाईट नसतात, पण ती भाजलेली खोबऱ्याची वडी असते.

ओव्हन नसेल तर हेही जुनंच काम आहे. पूर्वी चुलीवर जाड बुडाच्या भांड्यात, झाकणावर निखारे ठेवून बाथ भाजत. खाली मंद विस्तव आणि वर करवंटी आणि सोडणाची (नारळाच्या सालीची) धग. गॅसवर पाचलिटरी कुकर किंवा जाड पातेलं घ्या, तळाला दोन सेंटिमीटर जाड मीठ पसरा, वर छोटी तिवई. कुकरची रिंग आणि शिटी दोन्ही काढून टाका, ही सूचना वाचून पुढे जाऊ नका, खरंच काढा. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून 6 इंची टिन ठेवा (वरच्या मापाच्या निम्मं मिश्रण), मग मंद आचेवर 50 ते 60 मिनिटं. शिजतो छान, पण वरून पांढराफटक राहतो, कारण वरून धगच नाही. त्यासाठी शेवटच्या दहा मिनिटांत दुसऱ्या शेगडीवर लोखंडी तवा कडकडीत तापवा आणि पातेल्यावर झाकणाच्या जागी ठेवा. गरज वाटली तर पुन्हा तापवून पुन्हा ठेवा. निखाऱ्यांइतकं नाही, पण रंग येतो. ते मीठ खायला वापरू नका, बरणीत भरून पुढच्या वेळी यासाठीच ठेवा.

बोलिन्हा कुकरमध्ये करू नका, आत वाफ कोंडते आणि त्या कडक होत नाहीत. बेबिंक, म्हणजे गोव्याचा थरांचा गोड पदार्थ, तर नाहीच. 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून बेबिंकाबद्दल फार विचारणा होते, पण तिचा सगळा खेळ वरच्या धगेचा आहे: दाट नारळाचं दूध, बलक, साखर आणि थोडा मैदा यांचा एक थर ओतायचा, वरून लाल होईपर्यंत भाजायचा, तूप सोडायचं, पुढचा थर ओतायचा. कमीत कमी सात थर, प्रत्येकाला वरच्या रॉडखाली बारा-पंधरा मिनिटं, म्हणजे दुपार गेली. बाथ दोन-तीनदा नीट जमल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. बेबिंकाचं उरलेलं पांढरं कुठे वापरायचं हा प्रश्न पडेल तेव्हा वसईकडच्या ईस्ट इंडियन (तिथल्या मूळ मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती) घरांतलं थाळी स्वीट आठवा: रवा, नारळ, बदाम आणि अंड्याचं पांढरं, थाळीत भाजून शंकरपाळ्याच्या आकाराचे काप.

टिकण्याबद्दल: बाथ बाहेर दोन दिवस, उन्हाळ्यात एकच, फ्रिजमध्ये आठवडाभर, पण खाण्याआधी तासभर बाहेर काढा, नाहीतर गोठलेल्या तेलामुळे कडक आणि बेचव लागतो. बोलिन्हा पूर्ण निवल्यावर हवाबंद डब्यात दोन आठवडे राहतात. डब्यात भरताना एकही कोमट नको, एकीची वाफ सगळ्यांना मऊ करते. मऊ पडल्याच तर 150 अंशांवर दहा मिनिटं पुन्हा भाजून घ्या. दोन्ही एकाच डब्यात मात्र कधीच ठेवू नका, बाथाची ओल बोलिन्हा एका रात्रीत ओढून घेतात.